पिसांचा फोटो तिचा नाही

आज सकाळच्या पेपरात सुमरतीच्या डोक्यात पिसं आहेत.

आख्ख्या आयुष्यात तिने डोक्यात पिसं एकदाच घातली. एका शॉटपुरती. छापायला नेमका तोच फोटो मिळाला.

काल संध्याकाळी ती गेली. रात्री मी स्वतः पेपरला दुसरा फोटो मेल केला होता. चष्मा कपाळावर, अंगावर माझ्या आईची जुनी साडी, हातात चहा, आणि कुणावर तरी ओरडतेय. शंभर टक्के सुमरती.

सकाळी फोन लावला. डेस्कवरचा माणूस फार नम्र होता. "मैडम, वो फोटो भी अच्छी थी। पर लोग उनको इसी में पहचानते हैं।"

कोण लोक, मी विचारलं.

"पब्लिक, मैडम।"

ठीक आहे. तर पब्लिकसाठी सांगते सुमरती परते कोण होती.

तिचे वडील मंडल्याकडचे गोंड, कारखान्यात क्रेन चालवायचे. माझे बाबा नागपूरहून आलेले, त्याच कारखान्यात अकाउंट्सला. भोपाळच्या टाउनशिपमध्ये आमची क्वार्टर्स पाठीला पाठ लावून. त्यांच्या घरात गोंडी, आमच्यात मराठी, मधल्या गल्लीत हिंदी.

मराठी ती आमच्या स्वयंपाकघरात शिकली. खाता खाता. आणि माझ्यापेक्षा चांगली बोलायची, हे आई मला येता-जाता ऐकवायची.

गणपतीत मराठी मंडळाचं नाटक असायचं. आई बसवायची. कमिटीने सुमरतीला मोलकरीण देऊन टाकली, तिला न विचारता.

ती थेट आईसमोर. "काकू, मला सासू करायचीय. मोलकरीण दुसऱ्या अंकात गावी जाते. मग मी काय विंगेत बसून लाडू खाऊ?"

आई हसली आणि सासू दिली. कमिटीवाले कुरकुरले, कुरकुरू देत.

नऊवारी नेसून सुमरती स्टेजवर आली, ठसक्यात बसली, आणि पहिल्या रांगेतल्या खऱ्याखुऱ्या सासवा सावरून बसल्या. टाळ्या अजून ऐकू येतात मला.

पुढे मुंबई. तिथे तिला रोल मिळाले. जंगलातली बाई. नदीकाठची बाई. सगळ्यांच्या मागे उभी असलेली बाई. सासू कधीच नाही.

मग एक मोठी सिरियल मिळाली. मुखियाची बायको. तोंडाला तिच्या रंगापेक्षा गडद रंग फासला, डोक्यावर रंगवलेल्या कोंबडीच्या पिसांचा मुकुट चढवला. तिच्या आख्ख्या खानदानात असलं काही कुणी घातलेलं नाही.

एक शॉट झाला. डायरेक्टर म्हणाला, "सुमरती, थोड़ा और ट्राइबल लगो।"

ती म्हणाली, "सर, पैदाइशी हूँ। इससे ज़्यादा कैसे लगूँ?"

सेटवर कुणी हसलं नाही. तिने तोंड धुतलं आणि निघाली. मुकुट चुकून पिशवीत आला, असं ती सांगायची. मला ते कधी पटलं नाही.

सगळे म्हणाले, संपली ही.

ती भोपाळला परत आली आणि अवधपुरीत फ्लॅट घेतला. खाली किराणा दुकान, वर आमची प्रॉडक्शन कंपनी. एडिटिंग मी करायचे. बाकी सगळं ती, भांडणं धरून.

तिच्या सेटवर एकच नियम होता. कपडे ज्याने त्याने आपल्या घरून आणायचे.

पहिल्याच सिरियलमध्ये तिची मावशी गावाहून रोल करायला आली, मोहाची फुलं वेचणाऱ्या बाईचा. साडी, साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, पायात स्पोर्ट्स शूज. चॅनलचा माणूस कासावीस झाला. सुमरती म्हणाली, "महुआ बीनने ऐसे ही जाती हैं। काँटे लगते हैं, सर।"

शूज राहिले. शॉटही तसाच राहिला.

त्या सिरियलमधली आई घरात गोंडी बोलायची. पुन्हा चॅनल. "मैडम, गोंडी कौन समझेगा?"

"आपके बाकी सीरियलों में बहू तीन-तीन मिनट दरवाज़े में खड़ी घूरती है। वो कौन समझता है?"

गोंडी राहिली. खाली हिंदी अक्षरं आली. आमच्या टाउनशिपमधली रिटायर्ड मंडळी चष्मे लावून वाचायची आणि सुमरतीच्या वडिलांना रस्त्यात थांबवून विचारायची, पुढे काय होणार.

मग ही पब्लिक तिला पिसांशिवाय ओळखत नाही?

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तिने माझा हात धरला. मला वाटलं आता काही मोठं बोलणार. म्हणाली, "वैशू, फोटो नीट दे गं. नाहीतर ते कोंबडीवालाच लावतील."

मी दिला होता गं.

सकाळी तिच्या घरी गेले. दाई, म्हणजे तिची आई, ओट्यावर बसली होती. कुणीतरी कौतुकाने तिच्या हातात पेपर दिला. बघा दाई, बेटीची फोटू आलीय.

दाईने पेपर लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाली, "ये किसकी फोटू है?"

पब्लिक ओळखते म्हणे. जिने जन्म दिला ती ओळखत नाही.

मला तेव्हा रडू आलं. कालपासून आलं नव्हतं.

तिथून ऑफिसला आले. तो मुकुट इथेच आहे. म्हणजे पिसं आहेत. सुमरतीने ती उसवून एका काठीला बांधली होती, एडिट मशीनवरची धूळ झटकायला. इतकी वर्षं आम्ही रोज झटकत आलो.

आज त्याच पिसांनी तिचा ओरडणारा फोटो पुसला आणि भिंतीवर लावला. खाली देतेय. स्टेटसला, बॅनरला, कुठेही लावायचा तर हाच लावा. दुसरा दिसला तर मी फोन करणार आहे, नम्र माणसालाही.

उद्या सकाळी टाउनशिपच्या कम्युनिटी हॉलमध्ये शोकसभा आहे. पांढरं घालून येऊ नका. रोज घालता ते घाला.

सुमरते, निवांत जा. पिसं माझ्या हातात आहेत.