उजेडाला धरलेला कागद

माझ्या मावशीच्या यजमानांइतका न्यायी माणूस उभ्या नागपुरात झाला नसेल, आणि त्या न्यायापायी माझ्याइतका छळही कुणाचा झाला नसेल. सदरमध्ये एका दवाखान्याच्या माडीवर काकांचा टायपिंगचा क्लास होता. मशिनी सहा, त्यातली धड एक. जो आधी येईल तो तिच्यावर बसणार. मग वकिलाचा मुलगा असो की हमालाची मुलगी. माठ एक, पेला एक, आणि पाणी पेल्याला तोंड लावूनच प्यायचं! लहानपणी शाळेत काकांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, त्याचा हा सूड. एका बड्या घरच्या पोराने पेला उंच धरला, तर काका म्हणाले, "तोंड लाव गा, नाहीतर घरी जाऊन पी." पोराने निमूट तोंड लावलं.

पण परीक्षेचा कागद हाती आला की हाच देवमाणूस वैरी होई. पानभर मजकुरात एक चूक खपत नसे. एक डोळा मिटून कागद खिडकीशी उजेडाला धरत. खोडलेली जागा पातळ दिसते ना! मला एका कचेरीत नोकरी लागत होती, फक्त काकांचं सर्टिफिकेट हवं होतं. वडिलांचं काम सुटलेलं, सगळं घर माझ्या पगाराची वाट बघत होतं. मी एक चुकलेलं अक्षर रबराने खोडून वर दुसरं मारलं. काकांनी कागद उजेडाला धरला आणि टर्रकन फाडला.

मावशी भडकली. "आपल्याच पोराले अडवता? लोकं काय कमी अडवतात आपल्याले?"

"म्हणूनच वं!" काका गरजले. "'यांले सवलतीत मिळालं' म्हणणारे टपून बसले, त्यांच्या हाती मी हा कागद देऊ? पाणी सारखं पाजीन, मशीन सारखी देईन, पण कच्च्याले पक्का म्हणणार नाही. पोरगा काही कमी नाही माहा, मंग माप काहून कमी लावू?"

नोकरी गेली. असा राग आला की महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. पण रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ती धड मशीन मात्र अडवायचो. चार महिन्यांनी बिनचूक कागद त्यांच्यापुढे आपटला. काकांनी तो उजेडाला धरला, उलटासुलटा केला, "हं" म्हणाले आणि स्वतः उठून मला माठातलं पाणी आणून दिलं. पुढे त्याच सर्टिफिकेटवर दुसऱ्या कचेरीत लागलो.

गेल्या महिन्यात काका गेले. शोकसभेचं पत्र टाइप करायला मी त्याच मशिनीवर बसलो. शेवटच्या ओळीत, नेमकं त्यांच्याच नावात, बोट घसरलं. रबर हाताशीच होता. मावशी डोळे पुसत म्हणाली, "राहू दे गा. आता कोण उजेडाले धरून पाहून राहिलं?"

मी कागद टर्रकन फाडला आणि नवा चढवला.