बाबांच्या जीपला आरपीएम मीटर

बाबांचे कान गेले हे आम्हाला जीपमुळे कळलं. घरातला टीव्ही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा, पण त्याला आम्ही हट्टीपणा म्हणायचो. मग एकदा पहिल्या गियरमध्येच जीप किंचाळत अमरावतीच्या राजापेठपर्यंत गेली. चौकातल्या लोकांनी कानावर हात ठेवले. मी बाजूला बसून "गियर बदला, गियर!" म्हणून बोंबलत होते, आणि बाबा कसे, देवळाच्या पायरीवर बसल्यासारखे निवांत.

जीप डिझेलची आणि जुनी. बाबा तिच्यात बसून नांदगाव खंडेश्वरच्या वावरात जातात. गियर कधी बदलायचा ते कसं समजतं, असं विचारलं की म्हणायचे, "गाडी सांगते ना मले." बसायची त्यांची एक रीत होती. चपला काढून सीटखाली सारायच्या, घरात शिरावं तसं अनवाणी चढायचं, स्टेअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा. पण शुगर निघाली आणि डॉक्टरांनी अनवाणी पाय टाकायचा नाही म्हणून सांगितलं. मीच जाऊन जाड, मऊ तळाच्या चपला आणल्या. त्या घरात, अंगणात, गाडीत, कुठंही काढलेल्या दिसल्या की मी घर डोक्यावर घ्यायची. मी फिजिक्सच्या शिकवण्या घेते, त्यामुळे ओरडायचा सराव दांडगा.

क्लच प्लेट जळली तेव्हा मिस्त्री म्हणाला, असंच चाललं तर गियरबॉक्सही जाईल. ही बातमी अकोल्याला भावापर्यंत पोचली आणि त्याचा फोन आला.

"हिवरखेडचा एक गिऱ्हाईक आहे. जीप देऊन टाकू. बाबाले ऐकू येत नाही, उद्या कोणाले धडकले म्हंजे?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. बाबांना फोनवरचं एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे पाहून ते सगळं समजले.

"गाडी गेली तं मी दिवसभर काय करू माय?" ते म्हणाले. "तुया पोरायले फिजिक्स शिकवू?"

म्हणाले गमतीनं, पण रात्री नीट जेवले नाहीत.

कानाचं मशीन आणलेलं होतंच. ते देवघराच्या फळीवर अगरबत्तीच्या पुड्याशेजारी पडून असायचं, कारण ते लावलं की जीपचा आवाज म्हणे कढईत फोडणी तडतडल्यासारखा येतो. मग मला सुचलं. कानाला जे ऐकू येत नाही ते डोळ्याला दाखवायचं! आरपीएम मीटर बसवायचं. इंजिन किती जोरात फिरतंय ते काटा दाखवील, काटा पाहून बाबा गियर बदलतील. मी स्वतःवर इतकी खूश झाले की दुकानदार "गाडी कोणती?" असं विचारत होता, त्याचंही ऐकून घेतलं नाही. त्या दिवशी बहिरी मी होते.

मीटरच्या खोक्यावर लिहिलं होतं, हिरवी वायर कॉइलला जोडा. बॉनेट उघडून, टॉर्च तोंडात धरून मी कॉइल शोधायला लागले. बाबा शेंगा खात शेजारी उभे. बराच वेळ मी इंजिन चाचपत राहिले आणि मग डोक्यात उजेड पडला. डिझेल इंजिनात ठिणगीच पाडावी लागत नाही, तर कॉइल येणार कुठून? हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते, आणि वर विचारते, समजलं का!

"तुमी सांगाचं नाही काय?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"मले वाटलं, तुले काही नवीन सापडून राहिलं."

दुसऱ्या दिवशी डिझेलवालं मीटर आणलं. याची खूण घ्यायची वायर आल्टरनेटरला लागते, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला. तिथून ती रबरी भोकातून आत ओढली, ब्रेकच्या पेडलजवळून वर नेली आणि तात्पुरती टेपनं चिकटवली. काळी वायर बॉडीला कसली, तर काटा आपला अंगात आल्यासारखा नाचायला लागला. बाबांनी हौसेनं दिलेल्या रंगाच्या थरावरच मी ती कसली होती, करंट जाणार कसा? मग रंग खरवडला. बाबांचं तोंड असं झालं की जणू मी त्यांचीच कातडी सोलतेय. पण काटा शहाणा झाला.

इंजिनाचा आवाज ऐकून मीच जागा ठरवली आणि मीटरच्या काचेवर माझी लाल टिकली चिकटवली. काटा टिकलीला टेकला की गियर बदलायचा.

"गाडीले बी टिकली लावली काय?" बाबा म्हणाले. "आता हळदीकुंकवाले ने तिले."

सराव मात्र वाईट झाला. टिकलीकडे पाहता पाहता बाबांचं रस्त्याकडे लक्ष राहीना. एक म्हैस वाचली ती तिच्या नशिबानं.

रविवारी भाऊ आला. त्याची अट सरळ होती. बाबांनी वावरापर्यंत गाडी नीट नेली तर तो गिऱ्हाइकाला नाही म्हणणार, नाहीतर जीप जाणार. तो मागे बसला, मी पुढे. राजापेठ पार करेपर्यंत बाबांनी दोनदा टिकलीकडे पाहत ब्रेक मारला आणि एकदा गियर असा करकरला की मागून भावाचा सुस्कारा मला ऐकू आला. गावाबाहेर पडल्यावर तर कहरच झाला. जाड चपलेचा तळ त्या वायरीत अडकला, टेप सुटली, वायर निघाली आणि काटा धपकन शून्यावर आला.

"थांबा! चपला काढा आधी!" मी ओरडले आणि बाबांच्या पायाकडे हात केला.

"काय झालं?" भावानं विचारलं.

"काही नाही. शुगरचा पाय आहे, जरा मोकळा करून राहिले."

बाबांनी चपला सीटखाली सारल्या आणि गाडी सुरू केली. आता संपलं, असं म्हणून मी डोळे मिटून घेतले. गाडी पहिल्यातून दुसऱ्यात गेली, तिसऱ्यात गेली, चौथ्यात गेली, आणि मला धक्कासुद्धा लागला नाही. मी डोळे उघडले. काटा शून्यावरच! बाबा मीटरकडे पाहतही नव्हते, समोर रस्त्याकडे पाहत होते. चढ आला तशी त्यांनी वेळेवर खालचा गियर टाकला आणि इंजिन मी शाळेत असताना घुमायचं तसं घुमलं.

मागे भाऊ कुणाला तरी फोनवर सांगत होता, "नाही हो, गाडी विकाची नाही. माया बहिणीनं असं मीटर बसवलं ना, बाबा एक नंबर चालवून राहिले!"

वावरात पोचल्यावर तो विहिरीवरची मोटर पाहायला गेला. मी बाबांच्या शेजारी बसून राहिले.

"तुमाले इंजिन ऐकू येते काय?" मी कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"कईचंच नाही येत." त्यांनी उजवा पाय उचलून तळव्यावर थाप मारली. "गाडी याले सांगते. पयलेपासून. चपला आल्या अन् ते बंद झालं, चपलेतून काही समजत नाही."

"मंग सांगाचं ना बाबा! मी मरमर वायरी ओढून राहिली, मीटर काय, टिकली काय..."

"चपला तू इतक्या हौसेनं आणल्या होत्या."

मला रडू आलं ते आलंच.

वावरातल्या ओल्या मातीत त्यांनी त्या चपला मुकाट घातल्या. निघताना जीपजवळ आले, थांबले आणि शिकवणीतली पोरं बाहेर जाऊ का म्हणून विचारतात तसं माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला. अमरावती येईपर्यंत त्या चिखलानं भरलेल्या चपला मी मांडीवर घेऊन बसले होते.