काकांची गिटार विकायला लातूरला

ही सहल नव्हती, आम्ही गिटार विकायला निघालो होतो. माझे मधुकाका एके काळी नांदेडचे रॉकवाले. इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून ते तारांवर हलगीच्या बारीक काडीने ठोके द्यायचे. असलं काही आमच्या भागात त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. पण कित्येक वर्षं ती गिटार कपाटावर पडून होती. लातूरचा एक वाद्यवाला घ्यायला तयार झाला, तशी काकांनी ती जुन्या चादरीत गुंडाळली आणि मला गाडी काढायला लावली. वाटेत त्यांचं मन वळवायचं, हा माझा बेत.

उन्हाळ्यात जाणार असाल तर पहाटेच निघा. रस्ता चांगला आहे, मधूनमधून खोदकाम लागतं. लोह्याहून आम्ही कंधारला वळलो, कारण किल्ला न बघता पुढे जाणं माझ्या जिवावर येतं. तटबंदी, खंदक आणि चिटपाखरूही नाही! बाहेर टपरीवर चहा घेत होतो तेवढ्यात टपरीवाल्याचा फोन वाजला आणि काकांचा चहा शर्टावर सांडला. रिंगटोन म्हणून त्यांचीच धून वाजत होती.

"पोरानं फोनात टाकून देली," टपरीवाला म्हणाला. "आजकाल लग्नात हेच चालू हाय."

काका तडक गाडीत जाऊन बसले. खूप खोदून विचारल्यावर बोलले. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ही धून रेकॉर्ड होत असताना ऐन रंगात तार तुटली. क्षणभर सगळं चिडीचूप. मग उरलेल्या तारांवर त्यांनी ती कशीबशी संपवली. तीच कॅसेट गावभर फिरली, मित्रांनी टर उडवली आणि काकांनी वाजवणं सोडलं. "लोकं हसायलेत अजून," ते म्हणाले. मी गाडी पुढे काढली.

लातूरला पोहोचलो तर दुकानाला साप्ताहिक सुट्टी. दुकानदार फोनवर म्हणाला, उद्या संध्याकाळी या. झक मारत मुक्काम करावा लागला. बस स्टँडजवळ आठशेत बऱ्यापैकी खोली मिळाली. निलंगा राइस मात्र चुकवू नका. नाकाडोळ्यांतून पाणी येतं, तरी हात थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी औशाचा किल्ला बघून परतताना रस्ता अडलेला. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला होता आणि पुढे बँजो पार्टी. बँजोवाला तारांवर काडीने ठोके देत होता, तीच धून! मी गाडी बाजूला घेतली. वाजता वाजता सगळी वाद्यं एकदम थांबली. त्या शांततेत अख्खी वरात "हाव!" करून उडाली आणि बँजो पुन्हा सुरू झाला.

काका तरातरा त्या बँजोवाल्या मास्तरकडे गेले. "मधीच थांबता कशाला?"

मास्तरला राग आला. "काका, हे नांदेडी हाय! त्या थांबन्यासाठीच तर लोकं नाचतेत. जो थांबत न्हाई त्याला कुनी सुपारी देत न्हाई."

"काढलं कुनी हे?"

"नांदेडचा एक रॉकवाला होता म्हनं. वारला बिचारा."

"कवा?" काकांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की मला हसू आवरेना.

"अहो, हेच ते!" मी ओरडले. मास्तरचा विश्वास बसला नाही. मी धावत जाऊन गिटार आणली, कुणीतरी बँजो पार्टीच्या हातगाड्यावरच्या स्पीकरला वायर जोडून दिली. काका हातगाड्यावर बसले आणि मास्तरची काडी घेतली. "काका, जरा ढिली धरा," मास्तरने वर शिकवलं! काकांनी मुकाट्याने ढिली धरली.

पहिले ठोके अडखळले. मग हात सुटला. गर्दी वाढली, नवरदेव घोड्यावरून उतरला. ती जागा आली. या वेळी तार तुटली नव्हती. काकांनी स्वतः काडी वर उचलली आणि थांबले.

"हाव!"

एवढा मोठा आवाज मी औशात काय, कुठेच ऐकला नव्हता. मास्तरने भर रस्त्यात काकांचे पाय धरले. मी रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

संध्याकाळी दुकानदार गिटार हातात घेऊन निरखू लागला तशी काकांनी ती परत ओढून घेतली. "इकायची न्हाई. तारा दाखवा." दुकानदाराने तारांबरोबर पाकिटातली काडीही पुढे केली. "ही नांदेडी काडी. लातूरची रॉकवाली पोरं लई नेतेत." काकांनी स्वतःचीच काडी पैसे मोजून विकत घेतली आणि वाटभर हसत राहिले.

घरी येऊन आता महिना झाला. त्या एका सकाळीने माझ्या काकांचा किती वर्षांचा सल काढला, ते आठवलं की अजून भरून येतं. बँजो पार्टीवाले अधूनमधून दारात येतात, ती धून खुद्द तुमच्याकडून शिकायचीय म्हणतात.

"ती तुमालाच चांगली येते," काका त्यांना आत घेत म्हणतात. "बसा. हे ऐका. नवं बसवायलोय."