भरती चुकवलेला जावई

माझा मामेभाऊ पारनेरकडचा. त्याने विहिरीत मुटका मारला की पाणी काठावर बसलेल्यांच्या अंगावर उडे. ही कीर्ती त्याच्या बायकोने तिखटमीठ लावून माहेरी पोचवली होती. सासरे बंदरखात्यात, कोकणात बदलीवर. अधिक वैशाखात त्यांनी जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावले. समुद्रात पोहून दाखवायचे, हे त्यात आलेच. दुष्काळामुळे आमच्याकडच्या विहिरींनी तळ गाठलेला. अंघोळ दोन तांब्यांत उरकायची. बायकोची शान राखायला मामेभाऊ तिला घेऊन निघाला, सोबतीला मी.

जेवताना सासऱ्यांनी समुद्र समजावून दिला. "माघात पाणी गार. आता कोमट. ज्येष्ठात खवळला की नारळी पौर्णिमेपर्यंत बंद." समुद्र त्यांच्याच सहीने उघडतो नि मिटतो, असा एकूण थाट. शेवटी म्हणाले, "जावईबापू, उद्या सकाळी भरती आहे. उतरणार ना?"

मामेभावाचा घास हातातच राहिला. आमच्या जिल्ह्याचे नगर म्हणजे लष्कराचे गाव. भरती म्हणजे चड्डीवर रांगेत उभे राहून छाती मोजून घेणे, एवढेच त्याला ठाऊक. छाती कमी भरली म्हणून तो दोनदा परत आला होता, आणि हे सासरी कुणाला माहीत नव्हते. शाळेत भूगोलाच्या तासाला तो विहिरीत असे.

हात धुताना त्याने मला गाठले. "गड्या, म्हाताऱ्याला कुनी सांगितलं रं? हितंबी छाती मोजत्यात व्हय?"

"अरे, ही समुद्राची भरती."

"म्हंजे नेव्हीची!" तो जास्तच घाबरला.

सकाळी त्याच्या पोटात दुखू लागले. दुपारपर्यंत दुखले. मग चहा घेऊन आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो, तेव्हा पाणी पार लांब गेले होते.

"भरती चुकवलीत," सासरे म्हणाले. "आता ओहोटी."

मामेभावाने समुद्राकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ही व्हय भरती!" तो पुटपुटला आणि खुशीत पाण्यात शिरला. चालत राहिला. पाणी काही गुडघ्याच्या वर येईना. उडी मारायला काठ शोधला, तोही नव्हता. सासरे छत्रीखालून ओरडत होते, "पुढे! अजून पुढे!" जणू बंदरात बोटच घेत होते.

शेवटी तो बसला. बसल्यावर चेहरा पालटला.

"गड्या, कुनी तापवलंय रं हे!" मग बायकोला हाक. "अगं, साबन आन!"

तिने आणला. त्याने घासघास घासला. "एवढ्या समुद्राला फेस, अन् साबनाला न्हाई?"

"हेच का ते पोहणं?" सासऱ्यांनी लेकीला विचारले.

ती पदर सावरून म्हणाली, "त्यांना येतंय हो बाबा. पण तुमच्या समुद्राला आमच्या विहिरीएवढी खोली नाही, त्याला ते काय करणार?"

'तुमच्या समुद्राला' हे बरोबर लागले. सासऱ्यांनी गंभीरपणे पाण्याकडे पाहिले.

"गाळ साचलाय खरा," ते म्हणाले. "वर कळवायला हवं."