लंगड्या देवाचा प्रवेश

शारजात आमच्या मराठी मंडळाचं संमेलन वर्षातून एकदा होतं. मुलांचं नाटक माझ्याकडे असतं. मी मुंबईत बरीच वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं आहे आणि ज्याला बातमी लिहिता येते त्याला नाटकही लिहिता येतं, असा इथे समज आहे. गेल्या वर्षी मुलांनी ऐतिहासिक नाटकाला सरळ नकार दिला. त्यांना ग्रीक देव हवे होते. शाळेच्या लायब्ररीत आणि मोबाइलवरच्या गेममध्ये हे देव त्यांना रोज भेटतात. झ्यूसला किती मुलं, कोणत्या देवाने कोणाला झाड करून टाकलं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

संहिता वाचून समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांचा फोन आला. देव दारू पितात, बायकोशी भांडतात, दुसऱ्यांच्या बायका पळवतात, हे आपल्या मुलांनी स्टेजवर करायचं का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की त्या लोकांनी आपले देव असेच रंगवले आहेत. ते मरत नाहीत, एवढाच त्यांच्यात आणि माणसांत फरक. रुसतात, मत्सर करतात, लढाईत एकेकाची बाजू घेतात, जखमी झाले तर रडत आईबापांकडे जातात. पुढे रोमन लोकांनी त्यांची नावं बदलली, स्वभाव बहुतेक तेच ठेवले.

"मग लोक त्यांना नमस्कार कशाला करायचे?" त्यांनी विचारलं.

"भीतीने," मी म्हणालो.

मग ते म्हणाले, पळवापळवी काढा, बाकी चालू द्या. मी पळवापळवी काढली.

नाटकात एकच प्रसंग होता. देवांचा राजा झ्यूस आणि त्याची राणी हेरा मेजवानीत भांडतात. भांडण विकोपाला जातं, सगळे देव माना खाली घालून बसतात. तेव्हा त्यांचा लंगडा मुलगा, देवांचा लोहार हेफेस्टस उठतो, पेल्यांचं तबक हातात घेतो आणि लंगडत लंगडत सगळ्यांना वाढत सुटतो. त्याची ती लगबग बघून देवांना हसू आवरत नाही. भांडण तिथेच संपतं. त्यानंतर शेवटच्या पानावर हेफेस्टस एकटा आपल्या भट्टीपाशी उभा राहून बोलतो. आईची बाजू घेतली म्हणून बापाने मला एकदा वरून खाली फेकलं होतं, तो सांगतो. आज ते पुन्हा भांडायला लागले, म्हणून मी मुद्दाम जास्त लंगडलो. आणि हे जे हसले, त्यांचे महाल, सिंहासनं, शस्त्रं सगळं मीच घडवलं आहे.

हेफेस्टसची भूमिका शेजारच्या अजमानमधल्या एका बारा वर्षांच्या मुलीने मागून घेतली. घरचे वसईचे, ख्रिस्ती. आई एका हॉटेलात बँक्वेटला सुपरवायझर, शनिवार-रविवारी हमखास ड्यूटी, त्यामुळे तालमींना ती कधी आली नाही. मुलीला सोडायला आणि न्यायला दुसऱ्याच कोणाची तरी गाडी असायची. पहिल्याच तालमीला मुलगी चालून दाखवायला उभी राहिली. डावा तळहात मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, घट्ट दाबायचा, मग पाऊल पुढे टाकायचं आणि खांदा एका बाजूला झुकू द्यायचा. तालमीचा सगळा पार्टी हॉल हसला. मी इतर मुलांना म्हणालो, बघा, याला निरीक्षण म्हणतात. हे निरीक्षण तिने कोणाचं केलं होतं, ते मी विचारलं नाही. तिची आई अशीच चालते. लहानपणीच्या पोलिओमुळे. आपल्या आईसारखा चालणारा एक देव आहे आणि तो आपण आईला दाखवायचा, यासाठी तिने ती भूमिका घेतली होती. हे मला संमेलनाच्या दिवशी कळलं.

त्याच्या आठवडाभर आधी समितीने वेळ कमी केला. प्रायोजकांची भाषणं वाढली होती, आणि आमच्यानंतर हॉल दुसऱ्या कोणाला दिलेला होता. मी संहिता घेतली आणि शेवटचं पान काढून टाकलं. बातमी अशीच कापतात, खालून. महत्त्वाचं सगळं वर असतं, शेवट गेला तरी वाचकाचं अडत नाही. माझा हात त्या सवयीने चालला. पान गेल्यावर नाटकात काय उरलं, ते मी पुन्हा वाचून बघितलं नाही. एक जण लंगडतो आणि बाकीचे हसतात, एवढंच उरलं होतं.

मुलीच्या ते लगेच लक्षात आलं.

"बट दॅट्स द होल पॉइंट, अंकल," ती म्हणाली.

लोकांना तेवढ्यातही कळतं, असं मी म्हणालो. ती "ओके" म्हणाली. आमच्या मुलांचं ओके ऐकून त्यांना पटलं की त्यांनी नाद सोडला, हे सांगता येत नाही. मी पटलं असं धरलं.

संमेलनाच्या दिवशी नाटकाच्या थोडं आधी मी विंगेत उभा होतो. हॉलच्या दारातून हॉटेलच्या काळ्या कोटातली एक बाई आत आली. ड्यूटीवरून थेट आली असावी. डावा तळहात मांडीवर दाबून ती पायऱ्या उतरली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. चाल मी दोन महिने बघत होतो.

आता समोर बसून ती काय बघणार, हे मला स्पष्ट दिसलं. तिचीच मुलगी तिच्यासारखी चालणार, आणि मी शिकवलेली बाकीची मुलं तिला हसणार. पान परत घालता आलं असतं. मुलीला ते पाठ होतं. त्यासाठी समितीशी वाद घालून थोडा वेळ मागावा लागला असता. मी तो विचार केला आणि सोडला. मी मेकअपच्या खोलीत गेलो.

"आज जरा साधं चाल," मी तिला म्हणालो.

"साधं मीन्स?"

"म्हणजे फार लंगडू नकोस. लंगडलीच नाहीस तरी चालेल."

"व्हाय?"

स्टेज गुळगुळीत आहे, घसरशील, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मग उठून दारावरच्या पडद्याच्या फटीतून हॉलमध्ये बघितलं.

"मम्मा आली," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. तबक घेऊन ती विंगेत जाऊन उभी राहिली.

तिच्या प्रवेशाला ती सरळ चालत गेली. दोन्ही हातांत तबक, पाठ ताठ. बाकीच्या मुलांना इथे हसायचं असं शिकवलेलं होतं, म्हणून ती हसली. कशाला हसताहेत, ते प्रेक्षकांना कळेना. हॉल शांत होता. झ्यूस पुढचं वाक्य विसरला. हेराने त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा मात्र थोडा हशा झाला. मग पडदा पडला आणि मुलांच्या नाटकाला पडतात तशा टाळ्या पडल्या.

चहाच्या टेबलापाशी तिची आई मला शोधत आली. बरोबर मुलगी नव्हती.

"सर, नाटक तुम्ही बसवलं ना? ती तशी चाललीच नाही," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, काही बिघडलं का, असं विचारल्यासारखी. "महिनाभर घरात माझ्या मागे मागे फिरते. किचन ते बाल्कनी, बाल्कनी ते किचन. मी म्हटलं, हात असा नाही, जरा वर. शेवटी म्हटलं, बाई, तू तर माझ्यापेक्षा छान लंगडायला लागलीस." ती हसली. "आणि तो भट्टीवाला भाग कुठे गेला? तो बघायला मी शिफ्ट बदलून आले."

मी खरं ते सांगितलं. भाग मी कापला, वेळेसाठी. आणि लंगडू नको हेही मीच सांगितलं, आत्ता, तुम्हाला आत येताना बघून.

"का?"

हा प्रश्न मी नोकरीत लोकांना सतत विचारत आलो. उत्तर सरळ नसलं की मला ओळखू यायचं. मी म्हणालो, तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं.

"मला विचारायचं ना."

तिने चहाचा कप टेबलावर ठेवला.

"लोकांना माझ्याकडे बघून वाईट वाटतं सर, त्याची मला सवय आहे," ती म्हणाली. "हिला कधी वाटलं नव्हतं."

तेवढ्यात मुलगी आली. अजून देवाच्याच पांढऱ्या कपड्यांत होती. आईने तिला सांगितलं की सर काहीतरी म्हणताहेत. मी तिला सॉरी म्हणालो. चूक माझी होती, तू अगदी बरोबर करत होतीस, तो भाग ठेवायला हवा होता.

"इट्स ओके, अंकल," ती लगेच म्हणाली.

"मराठीत सांग," आई म्हणाली. "ते काका मराठीत बोलले ना?"

मुलगी शब्द जुळवत उभी राहिली. ओके म्हणून मोकळं होण्याइतकी मराठी तिला येत नसावी, किंवा तिला मोकळं व्हायचं नसावं.

"तुम्ही सांगितलं म्हणून मी सरळ चालले," ती म्हणाली. "मग मला मम्माकडे बघता येत नव्हतं."

आईने पर्समधून टिश्यू काढला, तिची हनुवटी धरली आणि काजळाने रंगवलेली दाढी पुसायला लागली. दाढी मीच रंगवली होती, दुपारी, बऱ्यापैकी जाड. दाढी निघेपर्यंत मुलगी मान वर करून आईकडे बघत उभी राहिली, आणि मी तिथून कसं निघावं ते न कळून तिथेच.