हाची

सुरुवातीलाच सांगतो, माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं छातीठोक म्हणवत नाही. मी इंटर सायन्सला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच... आणि तुमच्या या सदरातले अनुभव वाचून मी पुष्कळदा हसलोही आहे. आता मीच लिहायला बसलो आहे.

भाषेबद्दल आधी माफी मागतो. आम्ही कुंभकोणमचे, तंजावरच्या राजांच्या काळात इकडे आलेल्यांपैकी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. हे असं लिहायचं मराठी मी लायब्ररीतली मासिकं वाचून शिकलो. घरचं मराठी तुम्हाला पोथीतलं वाटेल. तुम्ही 'हाच' म्हणता तिथे आम्ही 'हाची' म्हणतो. हाची तो तांब्या, म्हणजे हाच तो; बाईकडे बोट दाखवतानाही शब्द तोच. हा शब्द कृपया लक्षात ठेवा. सगळं त्याच्यामुळेच घडलं.

आमचं घर भाड्याचं. पुढे रस्त्यालगत तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा, मग एक लांब खोली, मागे अंगण आणि विहीर. अप्पा पितळी भांड्यांच्या दुकानात तराजूवर असतात. घरात अम्मा, दादा, वहिनी, मी आणि दहा वर्षांची बहीण. तिचं नाव यमुना, पण सगळ्यांत धाकटी म्हणून तिला 'सान' म्हणतात.

शिवाय आत्या. अप्पांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली, डोईवर पदर घेतलेली. स्वयंपाकघर तिचं. दुसरीकडे कुठे जायला तिला जागा नव्हती, आणि याची आठवण अम्मा तिला दिवसातून एकदा तरी करून देई. आत्याची जीभही काही कमी नव्हती. मला ती नावाने हाक मारत नसे. "कालेज, कापी पी. थंड झाली तर तुझें सायन्स ती ऊन करणार नव्हें."

आणि काका, गोविंदकाका, अप्पांचा धाकटा भाऊ. आत्यानेच त्याला वाढवलेलं. युद्धाच्या आधी तो मलायात रबराच्या मळ्यावर कारकून म्हणून गेला. जपानी आले, त्यांनी मळ्यावरची माणसं उचलून सयामच्या जंगलात रेल्वे बांधायला नेली. काका त्यातून परत आला. फारसा बोलत नसे. एकच विचित्र सवय — तो रांगेत उभा राहायचा नाही. रेशनला नाही, देवळात प्रसादाला नाही. आत्या म्हणायची, "राजाचें रक्त त्याचें! त्यास प्रसाद घरीं आणून द्या."

त्या आषाढात भर दुपारी सान अंगणात जाऊन उभी राहिली. टाचा जुळवलेल्या, हात मांड्यांना चिकटवलेले, तोंड सूर्याकडे. हाक मारली तर ओ नाही. मग एकदम पुरुषी, घोगऱ्या आवाजात ओरडली, "बांगो!"

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. "काय मागतें? वांगें?"

खरंच सांगतो, त्या दिवशी आमच्याकडे वांग्याची भाजी झाली. सानने तिला हातही लावला नाही. रोज दुपारी तेच. ऊन उतरेपर्यंत उभी, मग धाडकन पडायची. पाय सुजले, अंगाचा सांगाडा झाला. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. मी हिस्टेरियाबद्दल वाचून अप्पांना समजावायला गेलो... त्यांनी ऐकून घेतलं, आणि तिरुप्पनंदाळकडचा एक मांत्रिक घेऊन आले.

हा मांत्रिक पिशाच्चांची शिकार करतो म्हणून प्रसिद्ध होता. त्याने वेताची छडी, कडुनिंब आणि निखाऱ्यांवर टाकायला सुक्या मिरच्या आणल्या होत्या. तो सानशी तमिळमध्ये बोलला. तिने उत्तर दिलं, पण त्याला कळेना. तो अप्पांकडे वळून म्हणाला, "साहेब, हे तुमच्या भाषेत बोलतंय. तुमच्या वाडवडिलांपैकी कुणी असेल. आता मी विचारतो, उत्तर तुम्ही ऐका."

इथेच चूक झाली. आम्हालाही ते आमचंच वाटलं... जुनं, राजांच्या वेळचं मराठी.

त्याने सगळ्यांना अंगणात एका रांगेत उभं केलं. अप्पा, अम्मा, दादा, वहिनी, मी, मग शेजारच्या भागात राहणारी घरमालकीण आणि टोकाला आत्या. काका दाराच्या चौकटीला धरून उभा होता. आत्या थोडी बाजूला सरकली, घरमालकीण आणि स्वतःच्या मध्ये एका माणसाची जागा केली आणि त्याला म्हणाली, "ये रे गोविंदा. मी आहें नव्हें? मजजवळ उभा राहा."

काका आला नाही. जागा तशीच राहिली.

मांत्रिकाने सानच्या हातावर छडी मारली. "बोल! या घरात तुला कुणी आणलं? दाखव!"

सान चालू लागली. एकेकासमोर थांबे, टाच आपटे आणि एक शब्द बोले. अप्पांसमोर, "इची." अम्मासमोर, "नी." दादासमोर, "सान."

"अय्यो," अम्मा पुटपुटली. "हिची नि सान... सानीस नेतों म्हणतें!"

वहिनीसमोर, "शी." वहिनी रडायलाच लागली. माझ्यासमोर, "गो."

आता आमच्यात 'गो' बायकांना म्हणतात. एवढ्या सगळ्या भीतीत आत्याला हसू आलं. "अगो बाई! आमच्या कालेजास गो म्हणतें! मुलगी झालास की रे —"

सान घरमालकिणीसमोर "रोकु" म्हणाली. मग त्या मोकळ्या जागेसमोर थांबली, "शिची" म्हणाली. मग आत्यासमोर आली. आत्या अजून हसतच होती.

"हाची!"

आणि दहा वर्षांच्या पोरीने आत्याच्या तोंडात अशी मारली की आत्या धुण्याच्या दगडावर जाऊन पडली. ओठ फाटून दात दिसू लागला.

 मग अप्पाच म्हणाले, अगदी हळू, "हाची म्हणाली."

"म्हणजे काय?" मांत्रिकाने विचारलं.

"म्हणजे हीच ती," अप्पांनी त्याला तमिळमध्ये सांगितलं. सख्ख्या भावाने.

 आत्याचं डोकं भादरलेलं, धरायला केस नव्हते, म्हणून त्याने तिला मानेला धरून निखाऱ्यांवर वाकवलं. मिरच्यांचा धूर. मी पुढे झालो, "अप्पा, हे काय प्रूफ झालं का?" असं म्हणालो. ते म्हणाले, "कालेजचें कालेजांत ठेव." दादाने माझा दंड धरला. अम्मा बोलत होती, इतक्या वर्षांचं सगळं एकदम. "पोटीं पोर नव्हें हिज. दुसरीचें बघवत नव्हें!"

आत्या खोकत होती, डोळे उघडत नव्हते. तशीच ती दाराच्या दिशेने वळली. "गोविंदा... तू तरी बोल."

काका आपल्या पायांकडे बघत राहिला. त्याचं धोतर भिजलं होतं.

शेवटी आत्या म्हणाली, "होय. मींच."

"काय केलेंस?"

"तुम्ही म्हणाल तें."

संध्याकाळच्या आत तिला गाडीत घालून तिरुनीलक्कुडीला पाठवलं. तिथे तिच्या सासरकडच्या लांबच्या माणसांची शेती आहे. त्यांनी भाताच्या कणग्यांमागे एक कोपरा दिला, दोन वेळचं जेवण, आणि बदल्यात भात पाखडायचं काम. ती गेली आणि त्याच दिवशी सानने दहीभात मागून खाल्ला. दुसऱ्या दिवशी दोरीवरच्या उड्या! मांत्रिकाला अप्पांनी नवीन पितळी हंडा दिला. 

पुढे एकदा दादाला ताप होता, म्हणून अम्माने काकाला जबरदस्तीने माझ्याबरोबर रेशनवर धाडलं. साखर थोडी, गर्दी फार. काका चिंचेखाली थांबला. पण दुकानदार ओरडला, "रांगेत नसेल त्याला मिळणार नाही," तसा तो आला. आणि माझ्या मागे नाही, पुढे जाऊन मधेच घुसला. लोकांनी शिव्या दिल्या तरी हलला नाही. दुकानदार फूटपट्टीने एकेकाच्या खांद्याला शिवत तमिळमध्ये मोजत निघाला. काकाचे ओठ हलत होते. पट्टी त्याच्या खांद्याला लागली मात्र — त्याने टाचा जुळवल्या आणि ओरडला,

"शिची!"

लोक हसले.  मी त्याला ओढतच चिंचेखाली नेलं.

"काका, तो कुठला शब्द?"

त्याने एकदा मागे रांगेकडे पाहिलं. मग म्हणाला, "सात."

"कुठल्या भाषेत?"

"जपानी. इची नी सान शी गो रोकु शिची हाची. सकाळीं रांग लावीत. बांगो म्हणजे नंबर. एकेकानें आपला नंबर ओरडायचा. आदल्या दिवशीं कोणी पळाला असेल, तर हाचीस बाहेर काढून मारीत."

"का? हाचीने काय केलेलं असायचं?"

"कांहीं नव्हें. त्या सोल्जराची मर्जी. आठ." तो चिंचेच्या खोडावर नखाने ओरखडत होता. "मी दुरून मोजून ठेवीत असें. नेहमीं सातवा. माझ्या शेजारीं कोण येतो तें बघत नसें."

"तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बांगो ऐकलंस तेव्हाच."

त्याने मान डोलावली.

"मग आत्याला धुरावर धरलं तेव्हा का नाही बोललास? 'हाची म्हणजे आठ', एवढंच तर म्हणायचं होतं!"

"बोललों असतों तर रांग पुन्हा लावली असती रे," काका म्हणाला. "मज उभें केलें असतें."

पुढच्या रविवारी मी तिरुनीलक्कुडीला गेलो. आत्या सूप घेऊन बसली होती. ओठ वाकडाच जुळलेला. मला बघून म्हणाली, "आलें का कालेज! इथें कापी मिळत नव्हें, सांगून ठेवतें."

मी सगळं सांगितलं. म्हणालो, घरी सांगून तुला परत नेतो. ती ऐकत राहिली, मग फाटक्या ओठाने हसली. "म्हणजे तें वांगें नव्हेंच?" आणि सूप खाली ठेवून बोटं मोजू लागली. "तुझा अप्पा एक. अम्मा दोन. मग दादा, ती वहिनी. तू पाचवा, घरमालकीण सहावी." ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"अरे, मी सातवी नव्हें?"

मीही मोजलं. सातच होतो आम्ही.

"मधें जागा ठेविली होती," आत्या हळू म्हणाली. "गोविंदासाठीं."

मग ती पुन्हा पाखडू लागली. निघताना विचारलं ते एवढंच, "जेवतो नव्हें तो नीट?"

घरी येऊन मी अप्पांना सांगितलं. वाटलं होतं, रडतील, लगेच गाडी जुंपायला सांगतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मधे दोनदा डोळे पुसलेही. मग म्हणाले, "म्हणजे अक्काचा दोष नव्हें."

"नाही अप्पा."

"नुसता नंबर."

"हो."

ते सानकडे बघत राहिले. ती तिण्णैवर कवड्या खेळत होती. "मग तिज आणली, आणि तें परत आलें तर? आठवी तिकडे असली तर इथें कोणी आठवा होत नव्हें." पंचा झटकून खांद्यावर टाकला. "असूंदे तिकडेंच."

दोष आहे असं वाटत होतं तोवर अम्मा कधीमधी म्हणे, माफ करून आणू. दोष नाही हे कळल्यावर तेही बंद झालं.

मार्गशीर्षात आत्या कणग्यांमागेच गेली. सकाळी सूप वाजलं नाही म्हणून कुणीतरी बघायला गेलं.

माझं सायन्स मी लावून पाहिलं आहे. काका बाहेर तिण्णैवर झोपतो, सान आत. तरी ती कधी त्याच्याजवळ पडली असेल, झोपेतली बडबड तिच्या कानावर गेली असेल, आजारात बाहेर आली असेल... होऊ शकतं. सानला विचारलं तर तिला काहीच आठवत नाही. पण सगळं मान्य केलं तरी ती मोकळी जागा राहते. काका रांगेत नव्हता. तो कायम सातवा उभा राहायचा हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. मग सान त्या जागेसमोर थांबून कुणाला 'शिची' म्हणाली? वाचकांपैकी कुणाला सांगता आलं तर मला खरंच हवं आहे.

दहाव्या दिवशी कावेरीच्या घाटावर आम्ही आत्याला तिलांजली द्यायला गेलो. तिच्या सासरचे लोक होते, आम्ही होतो. भटजींनी पुरुषांना पाण्यात एका ओळीत उभं राहायला सांगितलं. मी टोकाला होतो. काका पायरीवर थांबला होता. अप्पा म्हणाले, "राहूं दे त्यास." पण तो स्वतःहून उतरला, आणि मला बरं वाटलं... निदान आत्यासाठी तरी रांगेत येतोय.

तो पाण्यातून सगळ्यांच्या मागून सावकाश चालत आला. त्याचे ओठ हलत होते. मग माझ्या डाव्या खांद्याशी, माझ्या आणि अप्पांच्या मध्ये घुसून उभा राहिला.

मी ओंजळीत तीळ घेतले, आणि दुसऱ्या टोकापासून मोजलं.

काका सातवा होता.