मोटारीचा विमा आणि राहिलेला कान

३० डिसेंबर १९७४. रक्कम तीनशे चौऱ्याऐंशी रुपये, म्हणजे माझ्या मोटारीच्या वर्षभराच्या विम्याचा हप्ता. हजर तिघे: मी, विमा कार्यालयातले कारकून, आणि माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. विमा मी त्याच्यामार्फतच उतरवला होता.

पेट्रोल महागल्यापासून मोटार नुसती दारात उभी असे. शेवटी ती कन्हानच्या एका ठेकेदाराला विकली. आमचा विमा स्वतःच्या नावावर करून घ्यायला तो तयार नव्हता; त्याचा पुतण्याच विम्याचा एजंट होता. तेव्हा विमा रद्द करून उरलेले पैसे परत घ्यायचे मी ठरवले. माझा हिशेब सरळ होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला विमा घेतला, तीन महिने वापरला, नऊ महिने उरले. महिन्याला बत्तीस रुपये धरले तर दोनशे अठ्ठ्याऐंशी मिळायला हवेत.

कारकुनांनी एक छापील तक्ता माझ्याकडे फिरवला. विमा गिऱ्हाइकाने मोडला की महिन्यांचा हिशेब चालत नाही, तक्ता चालतो. तीन महिन्यांपर्यंत निम्मा हप्ता कंपनीचा. माझ्या वाट्याला एकशे ब्याण्णव. शहाण्णव रुपयांचा फटका. मी तक्ता दोनदा वाचला, त्यात चूक नव्हती. आणखी आठवडा घालवला असता तर याहून जास्त कापले असते, असे ते म्हणाले. मी सही केली.

मग ते मेहुण्याकडे वळले. जेवढा हप्ता परत, तेवढ्यावरचे दहा टक्के कमिशनही परत: एकोणीस रुपये वीस पैसे. आठ दिवसांत भरा, नाहीतर एजन्सी बंद होईल. मेहुणा वर पंख्याकडे पाहू लागला. थंडीमुळे पंखा बंदच होता.

ही त्याची पहिली पॉलिसी. दुसरी अजून मिळाली नव्हती. दोन नोकऱ्या सुटल्यावर मोठ्या मुश्किलीने हे काम हाती आले होते. बाहेर आल्यावर मी विचारले, मिळालेले कमिशन कुठे आहे?

"ताईच्या अंगावर," तो म्हणाला.

तेव्हा मला उलगडा झाला. भाऊबीजेला त्याने गांधीबागेच्या कापडबाजारातून बहिणीला पातळ आणले होते. म्हणजे माझाच पैसा विमा कंपनीला वळसा घालून माझ्याच घरी आला होता.

घरी आलो तर बायको नेमके तेच पातळ नेसून पोहे परतत होती. मी सगळे सांगितले.

"ताई, अर्धं फाडून दे," मेहुणा म्हणाला. "तेवढंच परत मागून राहिले ते."

विमा मी मोडला, तेव्हा भुर्दंड माझा, असे म्हणून मी पाकीट काढले. त्याने माझा हात बाजूला सारला.

"बहिणीच्या घरचं जेवण चालते भाऊजी, पैसा नाही चालत."

एजन्सी गेली तर, असे मी विचारले. जाऊ द्या, दुसरं पाहू, म्हणाला. मागच्या दोन्ही नोकऱ्यांच्या वेळीही तो हेच म्हणाला होता. पोहे मात्र तो खाईना.

बायकोने झारा खाली ठेवला. "काहून गा, यांचा कान पिळायचा राहिलाच आहे न तुझा?"

लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, आणि काही हातावर पडल्याशिवाय भाऊ कान सोडत नाही. आमच्या लग्नात, बारा वर्षांपूर्वी, याला गोवर निघाला होता. त्याच्याऐवजी चुलत भाऊ उभा राहिला आणि टॉवेल-टोपी घेऊन गेला. कान एकदा पिळून झाला आहे, त्याची भरपाईही झाली आहे, असे मी निदर्शनास आणले.

"तो उजवा होता," बायको म्हणाली.

मेहुण्याने क्षणभर विचार केला. "हक्काचं असन तर मंग घेतो," म्हणाला, आणि माझा डावा कान धरला. मी ओरडलो तरी सोडला नाही. बारा वर्षांचं व्याज आहे, असे सांगितले. किती द्यायचे ते बायकोनेच ठरवले. शुभकार्याची रक्कम विषम असावी लागते. मग त्याने दोन बशा पोहे खाल्ले.

माझा चेक पुढे पोस्टाने आला, एकशे ब्याण्णवचा. कानपिळीचे मी त्याच दिवशी दिले: मेहुण्याला रोख एकवीस रुपये. त्यातले एकोणीस रुपये वीस पैसे त्याने दुसऱ्या दिवशी विमा कंपनीत भरले, आणि उरलेले एक रुपया ऐंशी पैसे कोपऱ्यावरच्या समोसेवाल्याला.